तीन उताऱ्यांचं घर

पाळणाघरवाल्या बाईंनी ते घर दोन हप्त्यांत पाहिलं. पुढचं अर्धं सोमवारी आणि मागचं अर्धं गुरुवारी. घर दोन भावांचं होतं आणि ते भाऊ एकमेकांसमोर येत नसत.

पुढचा भाग थोरल्याचा. थोरले नागरिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शेजारधर्म शिकवला आणि घरी येऊन सख्ख्या भावाच्या तोंडावर भिंत बांधली. वाटणीत स्वयंपाकघर मागच्या बाजूला गेलं म्हणून यांची चूल गॅलरीत होती. त्यांच्या बायकोला भाजी परतताना कोपर खिडकीबाहेर काढावं लागे. मागचा भाग धाकट्याचा. धाकटा विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं पण न्हाणीघर गेलं, म्हणून ओट्याच्या शेजारीच पडदा लावून अंघोळीची सोय केलेली. डाळ शिजायच्या वासात हा माणूस अंघोळ करायचा आणि तिथून बाहेर येऊन लोकांना भविष्याची तरतूद शिकवायचा.

वर दोघांच्याही दोन दोन खोल्या. जिना मात्र एकच. त्या जिन्यावर दोन दिवे आणि दोन बटणं होती. थोरल्यांची बायको धाकट्याच्या दिव्यात चढत नसे आणि धाकट्याची बायको थोरल्यांच्या. वीज गेली तर दोघीही निमूट अंधारात चढत, कारण अंधार कुणाच्याच मीटरवर नव्हता.

"बाई, तुम्ही आधी मागचं घेऊन टाका," थोरले म्हणाले होते. "तो माणूस कधी फिरेल नेम नाही. माझं काय, मी शब्दाचा पक्का. माझ्याकडे सावकाश या."

गुरुवारी धाकटा म्हणाला, "तुम्ही पहिल्यांदा दादाचं उरकून घ्या. शिकला-सवरलेला असला तरी खोड वाईट आहे त्याची. माझं काय, घरचंच समजा."

बाईंना तेव्हा दोघांचंही कौतुक वाटलं. एकमेकांशी बोलत नाहीत, तरी आपल्याला सांभाळून घेतात, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासत फिरायचा आणि लोकांच्या घरांची त्याला बाईंपेक्षा जास्त माहिती होती. तो नुसता "हं" म्हणाला.

घर हवं होतं, कारण बाईंच्या भाड्याच्या जागेचा मालक जागा परत मागत होता. तिथे दोन खोल्यांत पोरं नुसती कोंबून ठेवल्यासारखी असायची. एक झोपलं की दुसरं रडायचं आणि पहिलं उठायचं. या घरातली मधली भिंत काढली की खाली एकच ऐसपैस दालन होणार होतं. पुढून उजेड, मागून उजेड. बाईंनी मनातल्या मनात गाद्याही घालून ठेवल्या होत्या.

वकीलबाईंनी त्या गाद्या गुंडाळून ठेवायला लावल्या.

"घर एक दिसतंय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "कागदावर ते एक नाहीच. तीन मिळकती आहेत, तीन वेगळे उतारे. पुढची थोरल्याच्या नावावर, मागची धाकट्याच्या नावावर आणि मध्ये ही एक आडवी पट्टी आहे, त्यात जिना येतो. ती एका बाईंच्या नावावर आहे."

"कोण बाई?"

"बहीण असावी. वडिलांनी बक्षीसपत्र करून दिलंय."

दोन्ही भावांनी बहीण असल्याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता.

वकीलबाईंनी समजावून सांगितलं. पाळणाघराचा परवाना एकाच उताऱ्यावर मिळतो आणि बँकही तीन तुकड्यांवर कर्ज सोडत नाही. म्हणजे तिन्ही मिळकती आधी बाईंच्या नावावर यायच्या, मग एकत्रीकरणाचा अर्ज, मोजणी, हद्दी, आणि शेवटी तिन्हींचा मिळून एक उतारा. एकत्रीकरण होणारच या बोलीवर बँकेला आधी कर्ज सोडायला लावण्याचं वकीलबाईंनी अंगावर घेतलं. "पण कुणाचं कधी घ्यायचं, त्यात सगळी गोम आहे," त्या म्हणाल्या. "दोन घेऊन झाली आणि तिसरा अडून बसला, तर तुमचा गळा त्याच्या हातात. म्हणून प्रत्येकाला शेवटचा व्हायचं असतं. तुम्हाला कुणी 'माझं सावकाश घ्या' असं म्हणालं का?"

बाईंना सोमवार आठवला, गुरुवार आठवला आणि दोघांबद्दल वाटलेलं कौतुकही आठवलं. कानशिलं तापली त्यांची. शेंबूड पुसता न येणारी पोरं रोज त्यांच्या हाताखालून जात. एकाची बाहुली दुसऱ्याने ओढली की दोघंही भोकाड पसरत. पण त्या पोरांनी कधी हसतमुखाने, चहा पाजून गळा धरला नव्हता.

त्यांनी थोरल्यांना फोन करून बहिणीचं विचारलं.

"ती होय!" थोरले हसले. "ड्रायव्हरीण आहे ती. लोकांना मोटारी शिकवते. घराण्यात कुणी केलं नाही ते तिने केलं. तिची चिंधीभर जागा आहे हो, तिचं काय मनावर घेता? मी एक फोन केला की धावत येऊन सही करून जाईल."

"मग करा ना फोन."

"करतो की," थोरले म्हणाले, आणि मग विचारलं, "तिचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

नंबर बाईंच्या नवऱ्याने शोधून आणला. बहीण फोनवर म्हणाली, "मला बसून बोलायला वेळ नाही. नाक्यावर या, गाडीत मागे बसा."

अशा रीतीने घराच्या तिसऱ्या मालकिणीची गाठ एका डगडगणाऱ्या शिकाऊ गाडीत पडली. पुढे स्टिअरिंगला एक घामाघूम गृहस्थ, त्यांच्या शेजारी ताई. केस आखूड कापलेले, पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक. वय साठीकडे झुकलेलं, पण आवाज असा की पुढचा रिक्षावाला आपण होऊन बाजूला व्हायचा.

"बोला," ताई म्हणाल्या. "साहेब, क्लच सोडा. सोडा म्हणजे टाकून नका देऊ, हळू सोडा. हां. तर जिना हवाय तुम्हाला?"

बाईंनी सगळं सांगितलं. पाळणाघर, परवाना, तीन उतारे.

"भावांनी पाठवलंय?"

"नाही. ते म्हणाले, तुम्ही एका फोनवर सही कराल."

ताई हसल्या नाहीत. "बाबा हयात असतानाच वाटणी करून घेतली दोघांनी. बाबांना म्हणाले, तुमच्या डोळ्यांदेखत झालेलं बरं, मागून भांडणं नकोत. बाबांनी दिली वाटून. स्वतःला फक्त मधली पट्टी ठेवली. म्हणाले, मला चढायउतरायला तेवढी राहू दे. आरशात बघा साहेब, मागे बस आहे. आणि मग प्रश्न निघाला की बाबा राहणार कुणाच्या बाजूला. पुढचा म्हणे, ते मागच्या खोलीत झोपायचे, म्हणजे ते मागच्या वाट्यात गेले. मागचा म्हणे, ते दिवसभर पुढे पेपर वाचत बसायचे."

"मग?"

"मग काय. जिन्याखाली कोनाडा आहे, तिथे खाट टाकली. ती कुणाच्याच हद्दीत नव्हती ना! एक सकाळचं ताट सरकवायचा, दुसरा रात्रीचं. मी एकदा अचानक गेले तर बाबा तिथे पाय पोटाशी घेऊन पडलेले, कारण पाय सरळ केले की धाकट्याच्या फरशीवर जायचे आणि त्याची बायको पुसायला आली की काठीने सरकवायची. साहेब, ब्रेक! ब्रेक म्हटलं मी!"

ब्रेक ताईंनीच दाबला. गाडी गचका खाऊन थांबली. गृहस्थ म्हणाले, "सॉरी मॅडम, ऐकत होतो."

"ऐका, पण रस्त्याकडे बघून ऐका. त्या दिवशीच मी बाबांना घेऊन आले. माझ्याकडेच गेले ते, सरळ पाय करून. जाण्याआधी ती पट्टी माझ्या नावावर केली. त्यावर हे दोघे गावभर सांगत सुटले की मी म्हाताऱ्याला फूस लावून जिना लाटला. जिना! माणूस दागिने लाटतो, जमीन लाटतो. जिना लाटून मी काय करणार होते, खाली-वर?"

बाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही विकणार नसाल तर मी समजू शकते."

"का नाही विकणार? मला ती पट्टी उरावर घेऊन जायचीय का? विकते. तुम्हाला विकते, त्यांना नाही. पहिली विकते. आणि एक लक्षात ठेवा, ती मधली भिंतसुद्धा माझ्याच पट्टीत आहे. बांधली तेव्हाच मी सांगितलं होतं. दादा म्हणाला, तू गाड्या हाक. आता मोजणी होईल ना? होऊ दे."

जिन्याचं खरेदीखत त्याच आठवड्यात झालं.

बातमी भावांना कशी कळली कोण जाणे, पण दुसऱ्याच दिवशी थोरले पाळणाघरात हजर झाले. मोठ्या माणसाला बसायला तिथे काही नव्हतं. नागरिकशास्त्राचे प्राध्यापक गुडघे कानाशी घेऊन लाल रंगाच्या चिमुकल्या खुर्चीवर बसले. समोर एक पोरगं त्यांच्याकडे टक लावून अंगठा चोखत उभं राहिलं.

"तुम्ही जिना घेतलात?" थोरले म्हणाले. "आमचा जिना?"

"तुमचा कुठे? ताईंचा होता."

"अहो पण आम्ही वर जायचं कसं?"

"तेच मीही बघतेय," बाई म्हणाल्या. "रोजचं चालू द्या. मी काही तुमची वाट अडवणार नाही. पण तुमचा भाग मला विकायचाय की नाही, तेवढं सांगा. तुम्ही म्हणाला होतात, सावकाश या."

"सावकाश म्हणजे... तसं नाही. उलट मी म्हणतो, माझं आधी उरका. तो माणूस कधी फिरेल नेम नाही."

ते जातात न जातात तोच धाकटा आला आणि त्याच लाल खुर्चीवर बसून त्याच तोंडाने म्हणाला, "दादाच्या आधी माझं घ्या. घरचंच समजा."

बाईंनी दोघांनाही सांगितलं, आधी मोजणी.

मोजणीच्या दिवशी सगळे पहिल्यांदाच एका ठिकाणी आले. मोजणीदार आपलं यंत्र तीन पायांवर उभं करत होता. थोरले छत्री घेऊन पुढच्या दारात, धाकटा हाताची घडी घालून मागच्या दारात. ताई रस्त्यापलीकडे गाडीला टेकून उभ्या होत्या. हद्द दाखवायला पूर्वीचा मालक लागतो म्हणून आल्या होत्या, पण दारात यायला तयार नव्हत्या. बाई आणि त्यांचा नवरा जिन्यापाशी.

टेप भिंतीपाशी आला तसा थोरल्यांनी घसा साफ केला. "नोंद करून घ्या. ही भिंत माझ्या हद्दीत आहे. विटा मी आणल्या होत्या."

हा आवाज मागच्या दारापर्यंत जायला वेळ लागला नाही. धाकटा तरातरा आत आला. कित्येक वर्षांत तो भावाशी बोलला नव्हता, आता बोलला. "विटा आणल्या म्हणून जमीन तुझी होते काय? सिमेंट कुणाचं होतं? गवंडी कुणाच्या ओळखीचा होता?"

"तू मध्ये बोलू नकोस. माझ्या बाजूने वीतभर कमी भरतंय."

"तुझ्या बाजूने? माझ्या फरशीवर बांधलीस तू भिंत! ती वीत मोजून मिळाल्याशिवाय मी कशावर सही करणार नाही."

"मग मीही नाही करणार!"

दोघांचे चेहरे लाल झाले होते. दोन्ही बायका आपापल्या खोलीच्या दारातून मान पुढे काढून आपापल्या नवऱ्याला शब्द पुरवत होत्या. बाई बघत राहिल्या. हे घर दोघांनाही विकायचं होतं. ही भिंत महिनाभरात पडणार होती, हेही दोघांना ठाऊक होतं. तरी त्या वीतभर मातीसाठी दोन केस पिकलेले भाऊ एकमेकांच्या नरड्याला लागायच्या बेतात होते. आणि स्वतःच्या बापासाठी याच दोघांच्या हद्दीत पाय पसरण्यापुरती जागा निघाली नव्हती. बाईंना त्यांची कीव यायला हवी होती, पण आली ती शिसारी. पायाखाली काहीतरी लिबलिबीत यावं तशी.

"भांडू नका हो," मोजणीदार कंटाळून म्हणाला. असली भांडणं त्याला रोजची असावीत. "भिंत दोघांचीही नाही. पुरी मधल्या पट्टीत येतेय. हे बघा खुणा."

दोघांनी खुणा पाहिल्या. थोरल्यांनी चष्मा काढून पाहिल्या, घालून पाहिल्या. मग दोघांचीही मान एकाच वेळी रस्त्याकडे वळली, जिथे ताई उभ्या होत्या. ताई गाडीची काच फडक्याने पुसत होत्या. त्यांना आत काय झालं ते कळलं असणार, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

"म्हणजे भिंत हिची?" धाकटा म्हणाला.

"हिची होती," नवरा म्हणाला. दिवसभरात तो एवढंच बोलला. "आता आमची आहे."

बाईंनी लगेच वकीलबाईंना फोन लावला. भिंत पाडायला परवानगी लागेल का, विचारलं. "परवानगी बांधायला लागत होती," वकीलबाई म्हणाल्या. "ती कुणी घेतलेली नाही. छताचा भार तिच्यावर नसेल तर खुशाल पाडा. एका चांगल्या गवंड्याला दाखवा मात्र."

गवंड्याने बघून सांगितलं की ही नुसती आडोशाची भिंत आहे, वरचं काही तिच्यावर नाही. दोन दिवसांनी सकाळी त्याने पहिला घाव घातला. थोरले ओरडले, ही दंडेली आहे. धाकट्याने पोलिसांत जातो म्हणून चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून परत आला. आपल्या मालकीची नसलेली, परवानगी न काढलेली भिंत पाडली म्हणून तक्रार कुठल्या तोंडाने करायची, हे त्याला वाटेत सुचलं असावं. विमावाल्याला एवढं कळतंच.

दुपारपर्यंत वीट वीट उतरली. धुरळा खाली बसला तसं दोन्ही कुटुंबांना एकमेकांचं घर दिसलं. थोरल्यांच्या बाजूला जेवणाचं टेबल, त्यावर अर्धं सोललेलं संत्रं. धाकट्याच्या बाजूला पडद्याआडची बादली आणि दोरीवर वाळत घातलेली अंतर्वस्त्रं. धाकट्याची बायको धावत जाऊन ती गोळा करू लागली. बाईंना क्षणभर वाटलं, आता काहीतरी होईल. निदान एखादा पुढे होऊन म्हणेल, काय रे हे आपण करून बसलो.

थोरले पुढे झाले खरे. त्यांनी पलीकडे बोट केलं. "ते कपाट आईचं आहे. ते माझ्या वाटणीत होतं."

"मुळीच नाही," धाकटा म्हणाला.

बाई तिथून निघून आल्या.

सह्या त्यानंतर फार लांबल्या नाहीत. एकमेकांच्या घरात एकमेकांचं ताट दिसत असताना दोघांनाही तिथे राहवेना. नोंदणी कार्यालयात दोघं दोन वेगवेगळ्या बाकांवर, एकमेकांकडे पाठ करून बसले. पट्टीच्या आणि त्यांच्या मिळकतींच्या हद्दीचा जबाब जोडायचा होता म्हणून ताईही आल्या होत्या. काम झालं तसे थोरले त्यांच्यापाशी गेले. आवाजात वर्गातला मोठेपणा आणून म्हणाले, "बघ, शेवटी सगळं मार्गी लागलं. घराचं नाव राहिलं. तूही समजूतदारपणा दाखवलास, मला बरं वाटलं."

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्या गाडीसमोर आडव्या आलेल्या माणसाकडे बघत असतील. "दादा," त्या म्हणाल्या, "बाजूला हो. मला यांच्याशी बोलायचंय."

आणि पाळणाघरवाल्या बाईंना म्हणाल्या, "जिन्याखाली तो कोनाडा आहे ना, तिथे काहीही ठेवा. चपला ठेवा, झाडू ठेवा. माणूस मात्र ठेवू नका."

बाईंनी मान हलवली. ताई गाडीत बसल्या आणि गेल्या. त्यानंतर बाईंनी त्यांना घर बघायला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्यांना शिकवणी होती.

एकत्रीकरणाचा आदेश यायला पावसाळा संपला. तिन्ही नंबर खोडून एक नंबर, एकच उतारा, एकच नाव. नवऱ्याने तो कागद उजेडात धरून दोनदा वाचला आणि म्हणाला, "आता मीटर पण एक करून घेऊ." दोन्ही बायकांचे ते दोन दिवे त्याने स्वतः उतरवले. खाली एक मोठं दालन झालं. पुढून सकाळी ऊन यायचं, मागून संध्याकाळी. गाद्या मनात घातल्या होत्या तशाच पडल्या. बँकेचा हप्ता डोक्यावर होता, पण पोरं एकमेकांना न उठवता झोपायला लागली, हे बाईंना कुठल्याही हप्त्यापेक्षा मोठं वाटायचं.

एका दुपारी थोरले आले. जवळून चाललो होतो, म्हणाले, सहज डोकावलो. नवीन जागा कशी आहे विचारल्यावर त्यांनी हात झटकला. तिथल्या शेजाऱ्याशी गाडी लावण्यावरून त्यांचं बिनसलं होतं. त्यांनी दालनाच्या दारात उभं राहून आत नजर टाकली. रांगेने झोपलेल्या पोरांवरून ती नजर भिंतीपर्यंत गेली, परत आली. बाईंना वाटलं, यांना वडील आठवले असतील. मग त्यांच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याचे ओठ हलताहेत. ते फरश्या मोजत होते.

"बघा," थोरले खुशीत येऊन मोठ्याने म्हणाले, "मी सांगत नव्हतो? माझीच बाजू मोठी होती!"

एक पोरगं झोपेत कुशीवर वळलं. बाईंना त्यांच्यावर रागावण्याइतकंही काही वाटेनासं झालं होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "मुलं झोपलीत." आणि दार ओढून घेतलं.